आतून लावलेली कडी

आजी पडली तेव्हा मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसमध्ये होतो. ऑगस्ट २०२२, सकाळचे पावणेनऊ. कानात इअरफोन, ऑफिसचा कॉल सुरू. स्क्रीनवर शेजारच्या काकूंचं नाव दोनदा आलं, मी दोनदा कट केलं. मग व्हॉट्सअॅपवर एक ओळ आली: "आजी दार उघडत नाहीत."

आमचं घर कळमेश्वरला. नागपूरहून काटोल रोडने फेटरी ओलांडली की तासाभराच्या आत गाव लागतं. एमआयडीसी, रेल्वे स्टेशन, आजूबाजूला संत्र्याच्या बागा आणि थोडं पुढे धापेवाड्याचा विठोबा. आजोबा गेल्यापासून आजी तिथे एकटी राहते. आईबाबा नोकरीमुळे चंद्रपूरला, बहीण बंगळुरूला, मी पुण्यात.

काकूंना शंका आली ती व्हरांड्यातल्या दिव्यामुळे. आजी रात्रभर तो दिवा लावून ठेवते आणि उजाडलं की सगळ्यात आधी बंद करते. त्या दिवशी उन्हं आली तरी दिवा सुरूच होता. काकूंनी दार वाजवलं, हाका मारल्या. आतून काहीतरी आवाज आला, पण दार उघडेना. उघडणार कसं? आतून कडी लावलेली होती. शेवटी काकूंचा मुलगा भिंतीवरून मागच्या अंगणात उतरला आणि न्हाणीकडचं तकलादू दार त्याने खांद्याने ढकलून उघडलं. आजी ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. पहाटे साडेपाचपासून. म्हणजे सव्वातीन तास.

हाड मोडलं नव्हतं. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तिने मलाच झापलं. "पडली-गिडली नाही मी. पाय घसरला त् खाली बसली. मंग उठताच नाही आलं. तू कायले घाबरून राहिला?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घाबरलो की ऑनलाइन काहीतरी मागवतो आणि त्याबद्दल वाचत बसतो. त्या रात्री मी पडणं ओळखणारं एक घड्याळ मागवलं. ते येईपर्यंत, आणि आल्यानंतरही कितीतरी दिवस, माणूस पडला हे यंत्राला कळायला कधी लागलं, कसं लागलं, हे वाचत राहिलो.

पडणं आणि पडून राहणं

आधी व्याख्या. माणूस नकळत, इच्छा नसताना जमिनीवर किंवा कुठल्याही खालच्या पातळीवर येऊन टेकला की जागतिक आरोग्य संघटना त्याला पडणं म्हणते. धाडकन आवाज व्हायला हवा, रक्त यायला हवं, अशी अट नाही. म्हणजे आजीचं 'खाली बसली' हे पडणंच होतं. याच संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे मरतात आणि त्यातले ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात.

पण मला थांबवलं ते दुसऱ्या एका आकड्याने. १९८१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये वाइल्ड, नायक आणि आयझॅक्स या तिघांनी घरात पडणाऱ्या वृद्धांवर एक पेपर लिहिला. पडल्यावर तासाभरापेक्षा जास्त वेळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी निम्मे लोक सहा महिन्यांच्या आत वारले होते. नुसतं पडून राहिल्याने माणूस मरतो, असा याचा सरळ अर्थ नाही. ज्याला तासभर उठता येत नाही, त्याची तब्येत मुळातच खालावलेली असते. पण तो वेळही शरीराला सोडत नाही. अंगातली उष्णता जाते, पाणी कमी होतं, दाबलेले स्नायू खराब होऊ लागतात आणि त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. डॉक्टरांच्या भाषेत यालाही वेगळं नाव आहे, 'लाँग लाय'. लांबलेलं पडून राहणं.

आजीचे सव्वातीन तास त्या रेषेच्या पार पलीकडे होते. मी लॅपटॉप बंद केला आणि बाबांना फोन लावला. त्यांना हा आकडा मात्र सांगितला नाही.

गळ्यातलं बटण

या समस्येवरचा पहिला इलाज साधा होता: माणसाच्या गळ्यात बटण अडकवायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत विल्हेल्म होर्मान यांनी घरून मदत मागवण्याची अशी यंत्रणा तयार केली. त्याच सुमारास अमेरिकेत बॉस्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिब्नर यांच्याही डोक्यात हेच होतं. १९७४ मध्ये त्यांनी पत्नी सुझन यांच्यासोबत 'लाइफलाइन' कंपनी सुरू केली. बटण दाबलं की टेलिफोनला जोडलेला डबा आपोआप केंद्राला फोन लावायचा. केंद्रातली व्यक्ती उलट घरी फोन करायची. उत्तर आलं नाही, तर आधीच लिहून घेतलेल्या यादीतल्या माणसांना फोन जायचा. शेजारी, नातेवाईक, ओळखीचे. ही यादी लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? टेलिफोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणं होतं. आमच्या भागात 'फोनवर बोलणं' म्हणजे पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथबाहेर रांगेत उभं राहणं, हे माझ्या बाबांच्या तरुणपणापर्यंत खरं होतं. लँडलाइनला जोडलेला तो डबा कळमेश्वरसारख्या गावात कधी आलाच नाही. आणि त्याची गरज आहे असं कुणाला वाटतही नव्हतं. घरात सुना होत्या, नातवंडं होती, ओसरीवर कुणीतरी कायम बसलेलं असायचं.

मग आम्ही शिकलो. कळमेश्वरहून नागपूर, नागपूरहून पुणे, पुण्याहून आणखी कुठेकुठे. गरज आमच्या जाण्याने तयार झाली. पुण्यात या शतकाच्या सुरुवातीला 'अथश्री'सारख्या खास ज्येष्ठांसाठीच्या वसाहती उभ्या राहू लागल्या. न घसरणाऱ्या फरशा, भिंतीला आधाराचे दांडे, मदतीची हाक देण्याची सोय, अशा गोष्टींचा विचार अशा वसाहतींत घर बांधतानाच केलेला असतो. पण त्या शहरात, आणि ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी. तालुक्याच्या गावातली आजी आपलं घर सोडून तिथे जात नाही.

बटणातही एक मोठी अडचण होती. ते दाबावं लागतं. केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्या ११० जणांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००८ मध्ये छापून आला. वर्षभरात त्यातले ६० जण पडले आणि त्या ६० पैकी १८ जण कधी ना कधी तासभर किंवा जास्त जमिनीवर राहिले. मदतीची बटणं बऱ्याच जणांकडे होती. पण असं पडून राहावं लागलं तेव्हा बहुतेकांनी ती वापरलीच नाहीत. कुणाला त्रास द्यायचा नव्हता, कुणाला स्वतःचं स्वतः उठायचं होतं, कुणाच्या हाताशी ते नव्हतंच.

हे वाचताना मला आजीच दिसत होती. काकूंनी हाका मारल्या तेव्हा ती जोरात ओरडली का नाही, हे मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "न्हाणीत होती ना बाबू. तशा अवस्थेत कोणाले बोलवू?"

मोटारीकडून मनगटाकडे

बटण दाबता येत नसेल, तर पडणं यंत्रानेच ओळखायला हवं. आणि ते ओळखणारं यंत्र या क्षणी तुमच्या हातात आहे. फोन आडवा केला की स्क्रीन आडवी होते, ती ज्यामुळे होते तो अॅक्सेलरोमीटर.

यात सिलिकॉनचा एक अतिशय बारीक तुकडा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला असतो. फोन हलला की तो मागेपुढे सरकतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्यावरून वेग किती झपाट्याने बदलतोय ते मोजता येतं. सिलिकॉनवर असा मापक बनवण्याचं काम १९७९ मध्ये स्टॅनफर्डला रॉयलन्स आणि एंजेल यांनी दाखवलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अॅनालॉग डिव्हायसेस कंपनीने 'एडीएक्सएल ५०' ही चिप आणली, ती मोटारीच्या एअरबॅगसाठी. गाडी आदळली हे क्षणार्धात कळायला हवं, म्हणून.

पुढची पायरी मजेदार आहे. २००३ मध्ये आयबीएमने थिंकपॅड लॅपटॉपमध्ये हाच मापक बसवला. लॅपटॉप पडतोय असं वाटलं की हार्ड डिस्कचं हेड आदळण्याआधीच सुरक्षित जागी जायचं. माणसासाठी असं काही करावं, हा विचार खरंतर त्याआधीचा. १९९१ मध्ये तो शोधनिबंधात मांडला गेला होता आणि १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी अंगावर बांधायचा नमुनाही दाखवला होता. पण दुकानात मिळणाऱ्या, सगळ्यांच्या ओळखीच्या घड्याळात ही सोय आली ती सप्टेंबर २०१८ मध्ये, अॅपल वॉचच्या चौथ्या मालिकेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये नॉर्वेतले ६७ वर्षांचे एक गृहस्थ रात्री बाथरूममध्ये पडले आणि त्यांच्या घड्याळाने परस्पर मदत बोलावली, ही बातमी जगभर फिरली.

ओळखण्याची मूळ रीत समजायला सोपी आहे. तुम्ही स्थिर असता तेव्हा मापक १ जी दाखवतो, म्हणजे फक्त गुरुत्वाकर्षण. पडताना हवेतल्या त्या अर्ध्या क्षणात आकडा शून्याकडे घसरतो. आदळलं की एकदम वर उडी मारतो. मग शरीराची दिशा बदललेली असते आणि हालचाल थांबलेली असते. घसरण, उडी, आडवं होणं, शांतता. हे चार टप्पे ओळीने दिसले की माणूस पडला. कुठलाही इंजिनिअर एका दुपारीत असा प्रोग्राम लिहू शकतो. मीही लिहिला. फोन गादीवर टाकून पाहिला. दहापैकी दहा वेळा बरोबर आला.

गादीवर पडणारी मुलं

आणि इथेच गोम आहे. मी जे केलं, तेच संशोधनातही बराच काळ झालं.

प्रोग्रामला शिकवायला पडण्याची उदाहरणं हवीत. पण सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसाला 'जरा पडून दाखवा' असं कोण म्हणणार? मग तरुणांना गाद्यांवर पाडलं जातं. २००७ मध्ये आयर्लंडमधल्या बर्क आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. त्यात पडण्याचं नाटक दहा धडधाकट तरुणांनी केलं. ज्येष्ठांनी फक्त बसणं, उठणं, चालणं अशी रोजची कामं केली. कोलंबियातल्या अँटिओकिया विद्यापीठाने २०१७ मध्ये खुला केलेला 'सिसफॉल' हा डेटा आजही भरपूर वापरला जातो. त्यात १५ ज्येष्ठ आहेत. पडून दाखवलं त्यातल्या एकाने. वय ६०, आणि ते ज्युदोचे खेळाडू होते!

मी जगभरातल्या संशोधकांना हसत नाहीये. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. पण याचा परिणाम काय झाला, ते २०१२ मध्ये मोजलं गेलं. बगाला आणि सहकाऱ्यांनी आधी छापून आलेल्या १३ पद्धती घेतल्या आणि त्या रुग्णांच्या खऱ्याखुऱ्या २९ पडण्यांवर चालवल्या. सरासरी ५७ टक्के वेळाच पडणं ओळखलं गेलं. प्रयोगशाळेत शंभराच्या आसपास आणि खऱ्या आयुष्यात जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त.

का, याचा अंदाज आणखी एका अभ्यासातून येतो. कॅनडातल्या दोन वृद्ध-सेवाकेंद्रांत २००७ ते २०१० या काळात सामायिक जागांमधल्या कॅमेऱ्यांनी १३० जणांची २२७ पडणी टिपली. 'लॅन्सेट'मध्ये २०१३ मध्ये ते विश्लेषण आलं. अडखळून पडणारे २१ टक्के. सगळ्यात मोठं कारण, ४१ टक्के, होतं अंगाचा भार चुकीच्या बाजूला जाणं. वळताना, टेकायला जाताना, हात लांब करताना तोल ढळला आणि गेले.

बावीस वर्षांचा मुलगा ठरवून पडतो तेव्हा तो दगडासारखा पडतो. आजी पडते तेव्हा आधी दाराची चौकट धरते, मग बादलीचा काठ, मग भिंत, आणि घसरत घसरत खाली येते. हवेतला तो अर्धा क्षण येतच नाही. आकडा शून्याकडे जात नाही. आजी 'खाली बसली' म्हणाली, आणि मापकालाही नेमकं तेच दिसलं असतं.

मग उंबरठा कमी करायचा का? जरूर करता येतो. पण मग दुसरंच काहीतरी सुरू होतं.

चटणी

घड्याळ आलं. दिवाळीला गेलो तेव्हा मी ते आजीच्या हातावर बांधलं. तिसऱ्या दिवशी मी पुण्यात पोचलो, आणि फोनवर लाल सूचना: ती पडल्याची शक्यता आहे. हातपाय गार पडले. फोन लावला. आजी वैतागून म्हणाली, "चटणी कुटून राहिली ना मी. हे तुझं घड्याळ थरथरते आन् इंग्लिशमध्ये काहीबाही विचारते." खलबत्त्याचा दणका मापकाला आदळण्यासारखा वाटला होता. असं महिन्याभरात चारदा झालं. पाचव्यांदा सूचना आली तेव्हा मी कॉलवर होतो आणि मी ती न बघता बाजूला सारली. नंतर लक्षात आलं की ऑगस्टमध्ये काकूंचा फोनही मी असाच कापला होता.

अंघोळीला जाताना ती घड्याळ काढून ठेवायची. पाण्याने खराब होईल म्हणून. म्हणजे जिथे ती पडली होती, नेमकं तिथे ते नसायचं. आणि जानेवारीत ती पलंगाच्या कडेवरून हळूच घसरली तेव्हा ते हातावर होतं, पण गप्प राहिलं. मला ते तीन आठवड्यांनी, काकूंकडून कळलं.

घालायलाच लागू नये अशी यंत्रंही येतायत. एमआयटीच्या दिना कताबी यांच्या गटाने भिंतीपलीकडच्या माणसाची हालचाल रेडिओ लहरींवरून ओळखणारं उपकरण बनवलं. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी ते व्हाइट हाउसमध्ये ओबामांना दाखवलं. कॅमेरा नाही, घड्याळ नाही. न्हाणीतल्या लाजेवर हे बहुधा सगळ्यात सभ्य उत्तर आहे. ते स्वस्त होईल, आपल्याकडेही येईल.

पण समजा, उद्या शंभर टक्के अचूक यंत्र आलं. आजी साडेपाचला पडली आणि साडेपाच वाजून एक मिनिटाने मला पुण्यात कळलं. पुढे काय?

दोन मेम्स

फोनमधल्या त्या सूक्ष्म मापकाच्या तंत्रज्ञानाला इंजिनिअर 'मेम्स' म्हणतात. महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झालेल्या १०८ सेवेचं नाव आहे महाराष्ट्र इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेस. त्याचंही लघुरूप मेम्स! निव्वळ योगायोग. पण या दोन मेम्सच्या मधे जे अंतर आहे, त्यातच आजी सव्वातीन तास बसली होती. पहिल्याने ओळखलं आणि दुसरी दारापर्यंत आली, तरी दाराला आतून कडी.

म्हणून डिब्नर यांच्या यादीकडे परत येतो. त्यांच्या यंत्रणेत बटण होतं, डबा होता, केंद्र होतं आणि शेवटी शेजारी राहणारी, जिला आत जाता येईल अशी एक व्यक्ती होती. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत बटणाचं घड्याळ झालं, डब्याचा मोबाइल झाला, केंद्राचा सर्व्हर झाला. त्या शेवटच्या व्यक्तीच्या जागी मात्र काहीच आलं नाही. आम्ही लांब गेलेल्यांनी सगळी अक्कल खर्च केली ती आपल्याला लवकर कळावं म्हणून. मला कळून आजी उठत नाही. काकूंना कळून उठते, आणि तेही दार उघडलं तर.

गेल्या उन्हाळ्यात मी आठ दिवस कळमेश्वरला राहिलो. न्हाणीत आणि पलंगाशेजारी स्टीलचे दांडे बसवून घेतले. फरशीवर खडबडीत चटई टाकली. कडीवर मात्र दोन दिवस भांडण चाललं. "कडीबिना झोप लागते का बाईमाणसाले एकटीले?" तिचंही खरंच होतं. शेवटी बाहेरून किल्लीने उघडेल असं लॅच बसवलं. आतून ते लावलं की 'खट्' असा आवाज येतो, त्याची खात्री तिने तीनदा करून घेतली, आणि जुनी कडी काढू दिली. एक किल्ली काकूंना द्यायची ठरली.

काकूंनी किल्ली घेतली आणि थोडा वेळ गप्प राहिल्या. त्यांचा मुलगा, तोच भिंतीवरून उतरलेला, जूनपासून हैदराबादला जाणार होता. नोकरी लागली होती. काकूंचं वय ६३. त्यांनी आत जाऊन स्वतःच्या घराची किल्ली आणली आणि आजीच्या हातावर ठेवली.

मी घड्याळ परत पुण्याला आणलं नाही. आजी ते वेळ बघायला वापरते. मी एक गोष्ट मात्र बदलली. फोनवर 'पडलीस का?' असं आता विचारत नाही, कारण त्याचं उत्तर कायम 'नाही' असतं. 'खाली बसली होतीस का? उठायला किती वेळ लागला?' असं विचारतो. मग ती सांगते. मार्चपासून दोनदा. एकदा पाच मिनिटं, एकदा पंधरा.

काकूंची किल्ली कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. सकाळी व्हरांड्यातला दिवा बंद करताना आजी आधी समोरच्या घराकडे बघते, तिकडचा दिवा बंद झाला का ते.